घटक ४ : बाळाच्या हालचाली, खेळ आणि भाषासंपादन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• पहिल्या दोन वर्षांतील कारक विकासाचे प्रमुख टप्पे व त्यांच्या कालमर्यादा सांगणे.
• बाळाच्या हालचालींचे वर्णन करणाऱ्या मराठी शब्दांचे व क्रियारूपांचे विश्लेषण करणे.
• हालचाल, खेळ आणि भाषासंपादन यांतील संबंध उदाहरणांसह स्पष्ट करणे.
• मराठी बाळबोलीची वैशिष्ट्ये सांगणे.
• आपल्या परिसरातील मुलांचे निरीक्षण करून नोंदी तयार करणे.

४.२ प्रास्ताविक



भाषासंपादनाचा विचार करताना आपण ध्वनी, शब्द आणि वाक्य या क्रमाने जातो. त्या विचारात मूल हे मुख्यतः ऐकणारे आणि बोलणारे असते. परंतु बोलायला शिकणारे मूल त्याच काळात मान धरायला, पालथे पडायला, बसायला, रांगायला आणि चालायलाही शिकत असते. या दोन गोष्टी एकाच शरीरात, एकाच घरात आणि त्याच माणसांच्या सहवासात घडतात. त्यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हा या घटकाचा विषय आहे.

हा विषय मानसशास्त्राचा किंवा वैद्यकाचा आहे, मराठीच्या विद्यार्थ्याने तो का अभ्यासावा, असा प्रश्न तुमच्या मनात येऊ शकेल. त्याची दोन उत्तरे देता येतात. एक म्हणजे, भाषा कशी येते हे समजून घेताना शरीर वगळून चालत नाही, असे गेल्या काही दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. दुसरे म्हणजे, मराठी भाषिकांनी हा संबंध फार पूर्वीच ओळखला होता. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपुढे आपली लीनता व्यक्त करतात, तेव्हा बाळाचे बोबडे बोलणे आणि त्याची वाकडीतिकडी पावले ही दोन्ही ते एकाच दृष्टांतात आणतात आणि दोहोंचे आईला वाटणारे कौतुक सांगतात. बोल आणि पाऊल यांची ही जोडी आपण या घटकात शास्त्रीय अंगाने तपासणार आहोत.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहात. काहीजणी अंगणवाडीत काम करत असतील; काहींच्या घरात रांगते मूल असेल. या घटकातील विवेचन परीक्षेपुरते नाही. मुलाला कोठे ठेवायचे, त्याच्या हाती काय द्यायचे आणि त्याच्याशी केव्हा बोलायचे, हे निर्णय आपण रोज घेतो आणि त्यांचा मुलाच्या भाषेशी संबंध असतो.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ कारक विकास : अर्थ आणि क्रम

स्नायूंवर नियंत्रण मिळवून हेतुपूर्वक हालचाल करण्याच्या क्षमतेची वाढ म्हणजे कारक विकास होय. येथे एक दक्षता घ्यावी. व्याकरणात ‘कारक’ ही संज्ञा क्रियेशी असलेला नामाचा संबंध दाखवण्यासाठी वापरतात. मानसशास्त्रातील ‘कारक’ हा शब्द त्याहून वेगळा असून तो हालचाल घडवण्याच्या क्षमतेविषयी आहे.

कारक कौशल्यांचे दोन प्रकार मानले जातात. मान, धड, हात व पाय यांच्या मोठ्या स्नायूंनी होणाऱ्या हालचाली, उदाहरणार्थ बसणे, रांगणे, चालणे, ही स्थूल कारक कौशल्ये होत. हाताचा पंजा व बोटे यांच्या नेमक्या हालचाली, उदाहरणार्थ पकडणे, उचलणे, ओतणे, ही सूक्ष्म कारक कौशल्ये होत.

या विकासाला साधारण दिशा असते. नियंत्रण डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे येते. म्हणून बाळ आधी मान धरते, मग बसते, मग उभे राहते. हाताच्या बाबतीतही हेच दिसते. नवजात बाळाच्या तळहाताला बोट लावले की त्याची मूठ आपोआप मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते वस्तूकडे हेतुपूर्वक हात नेऊ लागते. आरंभी ते पूर्ण पंजाने वस्तू धरते. पहिल्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी जमते आणि जमिनीवर सांडलेला चुरमुराही त्याला उचलता येतो.

मराठीत प्रमाण सांगणारे चिमूट, मूठ, ओंजळ, पसा हे शब्द हाताच्या याच आकारांवरून आले आहेत. ‘चिमूटभर मीठ’ म्हणताना आपण जी पकड गृहीत धरतो, ती प्रत्येकाने पहिल्या वर्षात परिश्रमाने मिळवलेली असते.

४.३.२ टप्प्यांच्या कालमर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांच्या निरीक्षणावर आधारित सहा स्थूल कारक टप्प्यांच्या कालमर्यादा २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. आधाराविना बसणे : ३.८ ते ९.२ महिने
२. आधार धरून उभे राहणे : ४.८ ते ११.४ महिने
३. हात व गुडघे टेकून रांगणे : ५.२ ते १३.५ महिने
४. आधार धरून चालणे : ५.९ ते १३.७ महिने
५. आधाराविना उभे राहणे : ६.९ ते १६.९ महिने
६. आधाराविना चालणे : ८.२ ते १७.६ महिने

या यादीतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की प्रत्येक टप्प्याला नेमकी तारीख नसते. त्याला बरीच रुंद मर्यादा असते. नवव्या महिन्यात चालणारे मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारे मूल ही दोन्ही निरोगी असू शकतात. म्हणून ‘शेजारच्यांचे चालू लागले, आपले अजून नाही’ ही तुलना निरर्थक असते. दुसरा असा, की क्रमही सर्वांचा सारखा नसतो. या अभ्यासातील सुमारे ४ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

तथापि मर्यादा रुंद आहे याचा अर्थ ती नाही, असा होत नाही. नऊ महिने उलटूनही बाळ आधाराविना बसत नसेल, दीड वर्षानंतरही चालत नसेल, एकाच बाजूचा हात किंवा पाय वापरत असेल, किंवा आलेले कौशल्य गमावत असेल, तर ‘आमच्याकडे सगळी उशिराच चालतात’ असे म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी व पुढील उपचारांची सोय अंतर्भूत आहे.

हे टप्पे कशामुळे गाठले जातात? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्नल्ड गेसेल यांच्या मते मेंदूची व मज्जासंस्थेची परिपक्वता हे मुख्य कारण होते. पुढे एस्थर थेलेन यांनी या मताला महत्त्वाची पुरवणी जोडली. नवजात बाळाला उभे धरले की ते पावले टाकल्यासारखे करते आणि सुमारे दोन महिन्यांनी ही हालचाल नाहीशी होते. ती मेंदूतील बदलामुळे थांबते असे मानले जात असे. थेलेन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की बाळाला पाण्यात उभे धरल्यास ती पावले पुन्हा वाढतात. या काळात पायांचे वजन त्यांच्या ताकदीपेक्षा जलद वाढलेले असते. पाण्यात तो भार हलका होतो. म्हणजे मेंदू, शरीराचे वजन, जमीन, अवतीभवतीची माणसे या सर्वांच्या एकत्रित कार्यातून हालचाल घडते.

संस्कृतीचाही त्यात वाटा असतो. चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये केनियातील किप्सिगिस समाजाविषयी लिहिताना नोंदवले, की तेथे बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात आणि त्या शिकवण्यासाठी त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत. ती मुले अमेरिकन मुलांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसत व चालत. रांगणे मात्र तेथे शिकवले जात नसे आणि त्यात ती पुढे नव्हती. भाषेच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. समाज ज्या हालचालीला महत्त्व देतो, तिच्यासाठी तो शब्द घडवतो.

४.३.३ बाळाच्या हालचालींची मराठी

याच दृष्टीने आता आपल्या भाषेकडे पाहू. ‘बाळाने मान धरली’, ‘बाळ कुशीवर वळलं’, ‘बाळ पालथं पडलं’, ‘पोटावर सरकायला लागलं’, ‘बसतं झालं’, ‘रांगायला लागलं’, ‘धरून उभं राहिलं’, ‘पहिलं पाऊल टाकलं’ ही वाक्ये कोणत्याही मराठी घरात ऐकू येतात. पुढे ते सर्वत्र फिरू लागले की ‘बाळाला पाय फुटले’ असे कौतुकाने म्हणतात. देवघरातील बाळकृष्णाची एक गुडघा टेकलेली मूर्तीसुद्धा रांगणाऱ्या मुलाचीच आहे.

या वाक्यांत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे ‘पडणे’ या क्रियापदाचा वापर. एरवी ‘पडणे’ म्हणजे अपघात. परंतु ‘पालथं पडणे’ हे यश आहे आणि घरातील माणसे ते आनंदाने सांगतात. बाळाचे वजन एका बाजूला कलते आणि ते पोटावर येते, हे या शब्दाने अचूक टिपले आहे.

दुसरी गोष्ट संयुक्त क्रियापदांची आहे. पुढील तीन वाक्यांची तुलना करा :

(अ) बाळ उभं राहून पाहतंय.
(आ) बाळ उभं राहू लागलं.
(इ) बाळाला उभं राहता येतं.

पहिल्या वाक्यात प्रयत्न आहे, दुसऱ्यात आरंभ आहे आणि तिसऱ्यात सामर्थ्य आहे. तिसऱ्या वाक्यात ‘बाळ’ हे चतुर्थीत येते. म्हणजे कौशल्य बाळाकडे ‘आलेले’ असते. एखादे कौशल्य प्रयत्न, आरंभ आणि प्रभुत्व या अवस्थांतून जाते, हे निरीक्षण मराठीच्या रोजच्या बोलण्यात रुळलेले आहे. मुलाविषयी डॉक्टरांना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगताना हा भेद उपयोगी पडतो. ‘चालतो’ आणि ‘चालून पाहतो’ या दोन वेगळ्या माहित्या आहेत.

याशिवाय चालीचे वर्णन करणारे अनुकरणवाचक शब्द आहेत : लुटूलुटू, दुडूदुडू, तुरुतुरु. पडण्याचे वर्णन करणारे धपकन, बदकन हे शब्द आहेत. हे शब्द प्रायः मुलाच्या हालचालीच्या क्षणीच उच्चारले जातात, म्हणून मुलाला शब्द आणि अनुभव एकाच वेळी मिळतात.

आपली प्रगती तपासा : १

पुढील वाक्यांत प्रयत्न, आरंभ व सामर्थ्य यांपैकी काय सूचित होते ते लिहा.
(१) छकुलीला चिमटीने दाणा उचलता येतो. (२) बंटी पायरी चढून पाहतोय. (३) बाळ रांगू लागलं.

४.३.४ हालचालीकडून भाषेकडे

हालचाल आणि भाषा यांचा संबंध तीन ठिकाणी विशेष स्पष्ट दिसतो.

(अ) हात आणि बडबड : सहाव्या महिन्यानंतर बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी आवर्ती बडबड करू लागते. त्याच सुमारास ते खुळखुळा हलवणे, वाटी जमिनीवर आपटणे अशा लयबद्ध हालचालीही पुष्कळ करते. दोन्हींत एकच क्रिया पुनःपुन्हा करणे आणि तिचा परिणाम ऐकणे आहे. वाटी आपटण्याचा आवाज मोठ्यांना नकोसा होतो, परंतु बाळासाठी तो लयीचा सराव असतो. भाषेची ही लय केवळ कंठाची नाही. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये नोंदवले, की खुणांची भाषा ऐकणाऱ्या नव्हे तर पाहणाऱ्या कर्णबधिर बाळांच्या हातांतही अशीच आवर्ती ‘बडबड’ आढळते.

(आ) बोट दाखवणे : तर्जनी वेगळी काढता येऊ लागली, की पहिल्या वर्षाच्या अखेरीस बाळ बोट दाखवू लागते. दिसायला ही लहानशी हालचाल आहे, पण तिच्यात बाळ, समोरचा माणूस आणि तिसरी वस्तू असा त्रिकोण तयार होतो. याला सहलक्ष म्हणतात. बाळ पंख्याकडे बोट करते, आजी म्हणते, ‘हो, पंखा! गरगर फिरतो.’ बाळाने विचारले आणि आजीने उत्तर दिले. जॅना इव्हरसन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी २००५ मध्ये दाखवले, की मूल ज्या वस्तूंचा निर्देश आधी हावभावाने करते, त्यांची नावे पुढे त्याच्या शब्दसंग्रहात येतात. तसेच हावभाव आणि शब्द यांची जोड दोन शब्दांच्या वाक्याआधी येते. चपलेकडे बोट करून ‘बाबा’ म्हणणारे मूल ‘बाबांची चप्पल’ या पदबंधाच्या उंबरठ्यावर आलेले असते.

(इ) चालणे आणि संवाद : रांगणाऱ्या मुलाची दृष्टी बराच वेळ जमिनीकडे असते आणि हात गुंतलेले असतात. चालणाऱ्याचे हात मोकळे होतात. त्याला दूरचे दिसते. वस्तू उचलून ती माणसापर्यंत आणता येते. लाना करासिक, कॅथरिन टॅमिस-लेमोंडा आणि कॅरेन अडॉल्फ यांनी २०१४ मध्ये १३ महिन्यांच्या रांगणाऱ्या व चालणाऱ्या मुलांची तुलना केली. वय तेच असूनही चालणारी मुले वस्तू घेऊन आईकडे जाण्याची शक्यता अधिक होती आणि अशा वेळी आया त्या वस्तूचे काय करायचे हे सांगणारी वाक्ये अधिक बोलत. आपल्या घरातील उदाहरण घ्या. मूल जागेवर बसून डबा दाखवते तेव्हा आपण ‘अरे वा, डबा!’ म्हणतो. तेच मूल डबा घेऊन आपल्यापर्यंत येते तेव्हा ‘उघड बरं’, ‘यात काय आहे?’, ‘ताईला दे’ असे म्हणतो. पहिल्या प्रतिसादात एक नाम आहे. दुसऱ्यात क्रियापदे, प्रश्न आणि विभक्ती आहेत.

चालायला शिकणे हेही थोड्या सरावाचे काम नाही. अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळ्या खेळात मोजणी केली, तेव्हा मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत असत. मूल पडून उठण्यातूनच चालणे शिकते. बोलण्यातही हेच आहे; बोबडे उच्चार हे अपयश नसून सराव आहे.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. लवकर चालणारे मूल अधिक बुद्धिमान असते किंवा उशिरा चालणारे मूल उशिराच बोलेल, असा नियम यातून निघत नाही. हालचाल भाषेसाठी संधी निर्माण करते. ती संधी अन्य मार्गांनीही देता येते. शारीरिक अपंगत्वामुळे ज्या मुलाला चालता येत नाही, त्याच्याकडे आपण वस्तू न्याव्यात, त्याच्या नजरेचा माग घ्यावा, त्याला उचलून खिडकीपर्यंत न्यावे. मूल जगापर्यंत जाऊ शकत नसेल तेव्हा जग त्याच्यापर्यंत आणणे हे मोठ्यांचे काम ठरते.

४.३.५ खेळाचे तीन प्रकार

पहिल्या दोन-तीन वर्षांतील खेळांचे सोयीसाठी तीन प्रकार करू.

(अ) मांडीवरचे खेळ : बाळाला पायांवर झुलवणे, टाळ्या वाजवणे, तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावणे आणि शेवटी त्याला भुर्रकन उडवणे, पदराआड तोंड लपवून ‘बुवाकुक’ करणे हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. यांत ठरावीक शब्द ठरावीक हालचालीशी बांधलेले असतात आणि शेवट काय होणार हे बाळाला हळूहळू कळू लागते. जेरोम ब्रूनर यांनी लपून प्रकट होण्याच्या खेळाचा अभ्यास १९७६ मध्ये व्हर्जिनिया शेरवूड यांच्यासह केला. आरंभी मूल प्रेक्षक असते. पुढे ते स्वतः तोंड झाकते आणि उघडते. ‘आता तुझी पाळी, आता माझी’ हा संवादाचा मूलभूत नियम मूल अर्थपूर्ण शब्द येण्याआधीच अशा खेळातून शिकते. तोंड दिसत नसले तरी माणूस आहे, ही वस्तूच्या कायमपणाची जाणीवही याच खेळात दृढ होते. ज्याँ पियाजे यांनी पहिल्या दोन वर्षांना संवेदन-कारक अवस्था म्हटले आणि ही जाणीव तिचे महत्त्वाचे फलित मानले. जी वस्तू समोर नाही तिचे नाव घेता येणे, हे या जाणिवेविना अवघड आहे.

(आ) वस्तूंचे खेळ : एका भांड्यात दुसरे घालणे, झाकण लावणे-काढणे, डबे रचणे आणि पाडणे यांतून आत-बाहेर, वर-खाली, रिकामे-भरलेले हे अर्थ हातांना कळतात. मराठीत ‘डब्यात’, ‘डब्यावर’, ‘डब्यातून’ असे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. ते शिकण्याची जागा म्हणजे स्वयंपाकघरातील खालचा कप्पा होय. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य उभे केले, त्यात परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंच्या वापरावर भर होता.

(इ) लुटुपुटूचे खेळ : दीड वर्षाच्या आसपास मूल रिकाम्या पेल्यातून ‘खोटं खोटं’ पाणी पिते, बाहुलीला झोपवते, लाटणे कानाला लावून बोलते. पुढे याचीच भातुकली होते. लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी काठीला घोडा मानणाऱ्या मुलाचे उदाहरण देऊन दाखवले, की अशा खेळात अर्थ वस्तूपासून सुटा होतो. लाटण्याला फोन मानणे आणि ‘फोन’ या ध्वनिसमूहाने फोन सूचित करणे, या दोन्हींत एका गोष्टीने दुसरीचे प्रतिनिधित्व करणे आहे. भाषा हीदेखील चिन्हव्यवस्थाच आहे, हे येथे आठवावे.

४.३.६ मराठी बाळबोली

मोठी माणसे लहान मुलांशी बोलताना जी खास बोली वापरतात, तिला आपण येथे बाळबोली म्हणू. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांतील बाळबोलीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सहांपैकी एक भाषा मराठी होती. त्याच वर्षी ज्येष्ठ भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा मराठी बाळबोलीवरील स्वतंत्र लेखही प्रसिद्ध झाला. म्हणजे या विषयाच्या जागतिक अभ्यासात मराठी आरंभापासून आहे.

मंमं, दूदू, भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, जोजो, बाऊ, भुर्र, टाटा हे शब्द पाहा. त्यांची पुढील वैशिष्ट्ये दिसतात : (१) अवयवांची पुनरावृत्ती; (२) म, भ, ब यांसारखे ओठांनी उच्चारायचे, बाळाला पाहून अनुकरण करता येतील असे ध्वनी; (३) जोडाक्षरांचा अल्प वापर; (४) प्राण्यांच्या आवाजावरून किंवा हालचालीवरून आलेली नावे; (५) ‘जोजो करणे’, ‘टाटा करणे’, ‘भुर्र जाणे’ अशी क्रियापदे. पाचवे वैशिष्ट्य आपल्या विषयाशी निगडित आहे. ‘टाटा कर’ हे वाक्य हात हलवल्याशिवाय पूर्ण होत नाही. या शब्दांचा अर्थ बाळ आधी अंगाने देते आणि नंतर मुखाने.

बाळबोलीने मुलाची भाषा बिघडते, अशी शंका काहीजण घेतात. सोबतीने पूर्ण, साधी वाक्ये बोलली जात असतील तर तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ‘भूभू आला. बघ, कुत्रा शेपटी हलवतोय.’ असे बोलल्याने मुलाला दोन्ही शब्द मिळतात.

४.३.७ आजचे घर आणि बाळाची जागा

आतापर्यंतच्या विवेचनातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. बाळाला हालचालीसाठी जागा, हाताळण्यासाठी वस्तू आणि प्रतिसाद देणारा माणूस या तीन गोष्टी एकत्र मिळाव्या लागतात. यांपैकी एक नसली तरी इतर दोन अपुऱ्या पडतात.

पूर्वीच्या घरात पांगुळगाडा असे. त्याचा दांडा धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, तोल सांभाळते आणि गाडा ढकलते. आज अनेक घरांत चाकांचा वॉकर असतो. त्यात मूल झोळीत बसते, भार झोळीवर असतो आणि तोल सांभाळावा लागत नाही. त्यामुळे चालणे लवकर येत नाही. उलट पायरीवरून कोसळण्याचा किंवा स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोहोचून भाजण्याचा धोका वाढतो. याच कारणांनी कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

दुसरी गोष्ट मोबाइलची. जेवताना मूल शांत राहावे म्हणून त्याच्यासमोर मोबाइल धरला जातो. त्यामागे बहुधा आईवडिलांची थकवणारी दिनचर्या असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पडद्यावरील चित्र बाळाच्या बोटाला उत्तर देत नाही आणि बाळाने आणलेला डबा उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांसाठी पडद्यासमोर बसणे शिफारसपात्र नाही. बाळाला एका वेळी एक तासापेक्षा अधिक काळ बांधून किंवा अडकवून ठेवू नये. आणि जे बाळ अजून सरकत-रांगत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. पालथे ठेवताना मोठ्या माणसाचे लक्ष असावे. झोपवताना मात्र बाळाला पाठीवरच झोपवावे.

घर लहान असले तरी एका सतरंजीएवढी जागा पुरते. ती स्वच्छ असावी. चुरमुरे, शेंगदाणे, मणी, बटणे यांसारख्या घशात अडकणाऱ्या वस्तू मुलाच्या हाती एकट्याने लागू नयेत. दोन वाट्या, एक झाकण, एक चमचा इतकी सामग्री पुरेशी आहे. भाकरी थापता थापताही ‘वाटी कुठे गेली? खाली पडली! आण बरं इकडे’ असे बोलता येते. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

४.४ सारांश

पहिल्या दोन वर्षांतील कारक विकास डोक्याकडून पायांकडे व धडाकडून बोटांकडे होतो. त्याच्या कालमर्यादा रुंद असल्या तरी त्या ओलांडल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक असते. हालचालीचे प्रत्येक नवे कौशल्य मुलाचा भोवतालाशी असलेला संबंध बदलते आणि मोठी माणसे त्याच्याशी जे बोलतात तेही बदलते. मांडीवरच्या खेळात पाळीपाळीने बोलण्याचा, वस्तूंच्या खेळात स्थलवाचक अर्थांचा आणि लुटुपुटूच्या खेळात प्रतीकाचा पाया घातला जातो. मराठीतील क्रियारूपे, अनुकरणवाचक शब्द आणि बाळबोली यांत या विकासाचे सूक्ष्म निरीक्षण साठवलेले आहे. मुलाला भाषा द्यायची असेल तर त्याला जमिनीवर मोकळे सोडणे आणि ते आपल्याकडे आले की उत्तर देणे, या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

४.५ पारिभाषिक संज्ञा

कारक विकास : हेतुपूर्वक हालचालीच्या क्षमतेची वाढ.
प्रतिक्षिप्त क्रिया : इच्छेविना, उद्दीपनाला मिळणारा आपोआप प्रतिसाद.
आवर्ती बडबड : एकच अक्षर पुनःपुन्हा उच्चारण्याची बाळाची अवस्था.
सहलक्ष : दोन व्यक्तींनी एकाच वस्तूकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे.
बाळबोली : लहान मुलांशी बोलताना मोठ्यांनी वापरलेली खास बोली.

४.६ ‘आपली प्रगती तपासा : १’ ची उत्तरे

(१) सामर्थ्य (२) प्रयत्न (३) आरंभ

४.७ स्वाध्याय

१. ‘हालचाल भाषेसाठी संधी निर्माण करते’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. मराठी बाळबोलीची ध्वनिवैशिष्ट्ये लिहा.
३. टीपा लिहा : (अ) बुवाकुक (आ) पांगुळगाडा आणि वॉकर (इ) लुटुपुटूचा खेळ.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील, शेजारच्या किंवा अंगणवाडीतील ८ ते २४ महिने वयाच्या एका मुलाचे, पालकांच्या अनुमतीने, अर्धा-अर्धा तास असे चार दिवस निरीक्षण करा. मुलाने काय केले, त्या वेळी मोठ्यांनी नेमके कोणते शब्द उच्चारले आणि मुलाने त्यावर काय प्रतिसाद दिला, अशा तीन स्तंभांत नोंदी करा. मूल बसलेले असताना आणि फिरत असताना त्याला ऐकायला मिळालेली क्रियापदे स्वतंत्रपणे मोजा. तसेच घरातील वयस्कर स्त्रियांकडून तुमच्या बोलीत, मग ती मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा अन्य कोणतीही असो, पालथे पडणे, रांगणे, पहिले पाऊल टाकणे यांसाठी असलेले शब्द आणि बाळबोलीतील किमान दहा शब्द मिळवा. ते जसे उच्चारले जातात तसेच लिहा. त्यांना प्रमाण मराठीचे रूप देऊ नका.